टीव्हीवरच्या विज्ञानकथेची कादंबरी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात मी फ्रेड हॉइल आणि जॉन एलियट यांच्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या कादंबरीबद्दल थोडंसं लिहिलं होतं. बीबीसीवर १९६१ साली सात भागांची एक विज्ञानमालिका झाली आणि त्याच दोघांनी १९६२ मध्ये तिची कादंबरी केली, ती मिळाली तर सोडू नका, एवढाच मजकूर होता. त्यावर नागपुरातूनच इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला देते आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मॅडम, तुम्ही शिफारस केलेली कादंबरी आधी टीव्हीवर होऊन गेलेली आहे. म्हणजे तयार पटकथेला ‘तो म्हणाला, ती म्हणाली’ जोडून केलेलं पुस्तक. त्याला साहित्य म्हणायचं का? आमच्या वाचक मंडळात यावरून चांगलीच जुंपली. — निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर

म्हणायचं. पण तुमच्या मंडळातली शंका काही वावगी नाही. या प्रकारची पुष्कळ पुस्तकं घाईत उरकलेली असतात. मालिकेची चर्चा आहे तोवर पुस्तक दुकानात पोचावं अशी प्रकाशकाची निकड असते, आणि लेखकाच्या हातात पटकथेपलीकडे फारसं काही नसतं. अशी पुस्तकं वाचताना लगेच कळतं : संवाद भराभर पुढे सरकतात आणि माणसं कुठे उभी आहेत, काय पाहताहेत याचा पत्ता नसतो.

‘अँड्रोमेडा’ तशी नाही. गोष्ट थोडक्यात सांगते. इंग्लंडात एक नवी रेडिओ दुर्बीण उभी राहते आणि तिच्यावर देवयानीच्या, म्हणजेच अँड्रोमेडा या तारकासमूहाच्या, दिशेने येणारे संकेत पकडले जातात. जॉन फ्लेमिंग या तरुण शास्त्रज्ञाच्या लक्षात येतं की हे संकेत म्हणजे एक प्रचंड संगणक बांधण्याची कृती आहे आणि तो बांधल्यावर त्याला द्यायच्या आज्ञाही त्यातच आहेत. स्कॉटलंडमधल्या एका लष्करी तळावर तो संगणक बांधला जातो. पुढे तो जीवशास्त्रज्ञ मॅडलिन डॉने यांच्या प्रयोगशाळेला रसायनांची सूत्रं पुरवू लागतो, आणि सरतेशेवटी त्या सूत्रांवरून एक तरुणी घडवली जाते. सरकारला या यंत्राचा फायदा हवा असतो. फ्लेमिंगला त्याची भीती वाटू लागलेली असते. पुढचं सांगत नाही.

या गोष्टीमागचं डोकं फ्रेड हॉइल यांचं. ताऱ्यांच्या पोटात जड मूलद्रव्यं कशी तयार होतात यावर ज्यांनी मूलभूत काम केलं, ते हे केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ. ‘बिग बँग’ हे नावही त्यांनीच १९४९ साली बीबीसी रेडिओवरच्या भाषणात पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही तो सिद्धांत त्यांना स्वतःला पटत नसताना. जॉन एलियट हे टीव्हीसाठी लिहिणारे कसलेले लेखक. शास्त्रज्ञाने कल्पना द्यावी आणि दृश्यं रचणाऱ्याने ती उभी करावी, अशी ही जोडी होती. मालिका लिहिणाऱ्यांनीच कादंबरी लिहिली, म्हणून ‘दुसऱ्याच्या कामाची नक्कल’ हा आक्षेप इथे मुळातच लागू पडत नाही.

मराठी वाचकाने हे पुस्तक वाचावं असं मला वाटतं त्याचं आणखी एक कारण आहे. जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले आणि तिथे हॉइल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन केलं. ही मालिका टीव्हीवर चालू होती तेव्हा आपले नारळीकर हॉइल यांचे संशोधक विद्यार्थी होते. १९६४ मध्ये गुरु-शिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, आणि दहा वर्षांनी शिष्याने ‘कृष्णविवर’ ही पहिली मराठी विज्ञानकथा टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पाठवून बक्षीस मिळवलं. शास्त्रज्ञाने गोष्ट लिहिली तर त्याचं विज्ञान हलकं होत नाही, हे त्यांनी गुरूच्या घरीच पाहिलेलं होतं. मराठी विज्ञानकथेच्या वंशावळीत म्हणूनच मी हॉइल यांच्या कादंबऱ्यांना आजोळचा मान देते.

आता तुमच्या मंडळात मांडायचा सगळ्यात बळकट मुद्दा. ती मालिका आज जवळजवळ नाहीच. त्या काळी चित्रफीत महाग होती. एकदा प्रक्षेपण झालं की पुसून तीच फीत पुन्हा वापरत, किंवा चित्रप्रती जागा अडवतात म्हणून टाकून देत. ‘अँड्रोमेडा’च्या सात भागांपैकी सहावा भाग तेवढा पुढे पूर्ण सापडला. बाकीच्यांचे तुकडे आणि छायाचित्रं उरली आहेत. त्यात काम करणारी ज्युली ख्रिस्ती तेव्हा नाट्यशाळेतून नुकतीच बाहेर पडत होती. आसामातल्या चहाच्या मळ्यात जन्मलेल्या या मुलीला पुढे चारच वर्षांनी आलेल्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळालं. तिचं हे सुरुवातीचं काम आज सलग कोणालाच पाहता येत नाही. कादंबरी मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शाबूत आहे. मूळ कोणतं आणि नक्कल कोणती हा वाद अशा वेळी कुठल्या कसोटीवर घालायचा, हे मंडळानेच ठरवावं.

माझी प्रत बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मिळाली. आत एका रेल्वे कॉलनीतल्या वाचनालयाचा जांभळा शिक्का आहे, आणि संकेतांचा उलगडा होतो त्या पानांच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने शून्य-एकच्या ओळी मांडून त्यांचे आकडे करून पाहिले आहेत. अक्षर बारीक, नेटकं आहे. ड्यूटीवरून आल्यावर, कूलरच्या आवाजात बसून कोणीतरी ही गणितं केली असतील. मालिकेच्या प्रेक्षकाला तेवढं थांबून आकडेमोड करायला वेळ मिळाला नसता. पुढचं दृश्य आलंच असतं.

पुस्तकात उणं काही नाही असं मुळीच नाही. हेरगिरीचा आणि परदेशी कंपनीला माहिती विकण्याचा धागा मला ताणलेला वाटतो. टीव्हीवर दर आठवड्याला प्रेक्षक परत यावा म्हणून तो असणार, पण पानांवर त्याची गरज नव्हती. मॅडलिन डॉने ही व्यक्तिरेखा मात्र मला फार मोलाची वाटते. प्रयोगशाळा स्वतःच्या अखत्यारीत चालवणारी, कोणाच्या लग्नाबिग्नाच्या भानगडीत नसलेली, कामात बुडालेली बाई १९६१ सालच्या विज्ञानकथेत क्वचितच सापडते. मी भौतिकशास्त्र शिकवत असताना वर्गातल्या मुलींना तिच्याबद्दल आवर्जून सांगत असे.

प्रश्न : आमच्या लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं. आम्ही सगळे पोरं शेजारच्या काकूंकडे जाऊन पाहत होतो. आता माझ्या मुलाने जेम्स ब्लिशची ‘स्टार ट्रेक’ची जुनी पुस्तकं आणली अन् तो म्हणून राहिला की पुस्तकातली गोष्ट अन् मालिकेतली गोष्ट काही ठिकाणी जुळत नाही. मंग खरी कोणती मानायची? — एक गृहिणी, मानेवाडा

ताई, दोन्ही खऱ्या. मुलाचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, त्याला शाबासकी द्या.

मूळ ‘स्टार ट्रेक’चे ७९ भाग अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात झाले. ब्लिश यांचं पहिलं पुस्तक १९६७ मध्ये आलं, म्हणजे मालिका अजून चालू होती. ते गोष्टी लिहीत त्या पटकथांवरून, आणि हाती आलेली पटकथा कधीकधी आधीच्या खर्ड्याची असे. चित्रीकरणाच्या वेळी संवाद बदलतात, एखादं दृश्य कापलं जातं, शेवट फिरवला जातो. ब्लिश यांच्या कागदांवर त्यातलं काहीच नसायचं. तेव्हा तुमच्या मुलाला जो फरक दिसतोय तो चूक नव्हे. गोष्ट पडद्यावर जाण्याआधी कशी होती ते त्याला त्या पानांत वाचायला मिळतंय.

त्यातली एक गोष्ट त्याला मुद्दाम ताडून पाहायला सांगा : ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’. हार्लन एलिसन यांनी लिहिलेली मूळ पटकथा प्रक्षेपणासाठी इतरांनी बरीच बदलली आणि त्यावरून पुढे वर्षानुवर्षं कटुता राहिली. ब्लिश यांनी पुस्तकात दोन्ही रूपांतलं चांगलं ते एकत्र आणायचा प्रयत्न केला. तो भाग आधी बघा, मग गोष्ट वाचा.

ब्लिश यांच्या गोष्टी मला थोड्या कोरड्या वाटतात. एका पुस्तकात सहा-सात किंवा त्याहून जास्त भाग कोंबायचे म्हणजे ऐसपैस लिहायला जागा कुठून येणार? अशी एकूण बारा पुस्तकं झाली. ब्लिश १९७५ मध्ये गेले आणि बारावं पुस्तक त्यांच्या पत्नीने पूर्ण केलं. याच्या नेमकी उलट अडचण अॅलन डीन फॉस्टर यांची. त्यांनी ‘स्टार ट्रेक’च्या कार्टून मालिकेच्या २२ भागांवरून दहा पुस्तकं केली. सुरुवातीला तीन भागांचं एक पुस्तक, आणि शेवटच्या चार पुस्तकांत प्रत्येकी एकच भाग. अर्ध्या तासाच्या कार्टूनची अख्खी कादंबरी करायची म्हणजे निम्म्याहून जास्त गोष्ट स्वतःच्या मनाने रचावी लागते. मला ती शेवटची पुस्तकं जास्त आवडतात, कारण तिथे लेखक मोकळा झालेला जाणवतो.

आणि ताई, तुमच्या पत्रातल्या त्या रविवारबद्दल. ऐन भागात लाइट गेली की तो भाग गेलाच, हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको. पुन्हा कधी लागेल याची खात्री नसायची. मग सोमवारी शाळेत ज्याच्या मोहल्ल्यात लाइट होती तो सगळ्यांना उरलेली गोष्ट सांगायचा. घरोघरी व्हिडिओ नव्हता त्या काळात इंग्लंड-अमेरिकेतल्या मुलांसाठी हेच काम ही पुस्तकं करत होती. हुकलेला भाग परत मिळवायचा दुसरा मार्गच नव्हता.

प्रश्न : देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिथला संदेश म्हणजे २५ लाख वर्षांपूर्वी पाठवलेला. त्यावरून जिवंत माणूस घडवणं ही तर सरळ जादू झाली. हॉइलसारख्या शास्त्रज्ञाने असं का लिहावं? — बी.एस्सी. अंतिम वर्ष, सिव्हिल लाइन्स

तुझ्या प्रश्नातच कादंबरीची खरी ताकद आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अंतर किती हे क्षणभर बाजूला ठेव. देवयानीच्या दिशेला तिची दीर्घिका आहे, तसे आपल्याच आकाशगंगेतले जवळचे तारेही आहेत. त्या तारकासमूहातला अल्फेराट्झ साधारण ९७ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे इतक्या जवळून जरी कोणी ‘कसे आहात?’ असं विचारलं, तरी आपलं उत्तर त्याला प्रश्न विचारल्यापासून जवळजवळ दोनशे वर्षांनी मिळणार. दीर्घिकेचा विचार केला तर पन्नास लाख वर्षं. दोन्ही बाबतींत गप्पा अशक्य. मग दूरवरच्या बुद्धिमान जिवाने पाठवायचं तरी काय? ज्याला उत्तराची गरजच नाही असं काहीतरी. हॉइल यांचं म्हणणं असं की तो निरोप पाठवणार नाही, कृती पाठवेल. ऐकणाऱ्याने ती करून पाहिली की पाठवणाऱ्याचं काम झालं, तो स्वतः तोवर नामशेष झाला असला तरी. विज्ञानकथेत इतका कडक तर्क मी फार थोड्या ठिकाणी वाचला आहे.

आता काळाचा संदर्भ बघ. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की परग्रहावरचे संकेत शोधायचे तर हायड्रोजनच्या १४२० मेगाहर्ट्झ या रेडिओलहरीवर ऐका. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या २६ मीटरच्या दुर्बिणीने टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे कान लावले. आपल्याकडे त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक काम करू लागला होता. आणि १९६१ मध्येच निरेनबर्ग आणि मथाई यांनी जनुकीय संकेतलिपीतला पहिला शब्द उलगडला. मालिका त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाली. संकेत ऐकणं, संगणक बांधणं आणि सजीवाची लिपी वाचणं या तिन्ही बातम्या ताज्या असताना हॉइल यांनी त्यांची एक साखळी केली.

जादूच्या आरोपाला उत्तर म्हणून एक हिशोब तूच वहीत करून बघ. माणसाच्या जनुकसंचात, म्हणजे शरीर घडवण्याच्या आराखड्यात, सुमारे ३०० कोटी रासायनिक अक्षरं. चारच प्रकारची अक्षरं असल्यामुळे प्रत्येकाला दोन बिट, म्हणजे शून्य-एकच्या दोन जागा, पुरतात. म्हणजे ६०० कोटी बिट. आपण पूर्वी गाणी भरून ठेवायचो तशा सीडीच्या क्षमतेहून हे थोडंसंच जास्त होतं. सेकंदाला १००० बिट अशा संथ वेगाने पाठवलं तरी साधारण ७० दिवसांत पूर्ण संदेश येईल. माणूस घडवण्याची माहिती रेडिओलहरींवरून पाठवणं हे गणिताच्या दृष्टीने अगदी आटोक्यातलं आहे.

अडतं पुढे. अक्षरं मिळाली तरी ती रसायनांत उतरवायची कशी? हरगोविंद खोराना यांना निरेनबर्ग आणि हॉली यांच्यासोबत १९६८ चं नोबेल मिळालं, आणि १९७० मध्ये खोरानांच्या गटाने एक जनुक प्रयोगशाळेत जोडून दाखवलं. एकच, आणि तेही लहानसं. २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या गटाने संगणकात साठवलेल्या क्रमावरून दहा लाखांहून जास्त अक्षरांचा जिवाणूचा पूर्ण जनुकसंच तयार केला आणि तो चालला. पण चालला तो दुसऱ्या जिवाणूच्या तयार पेशीत घातल्यावर. नुसत्या रसायनांपासून पेशी उभी करणं अजून कोणालाच साधलेलं नाही, मग माणूस तर दूरच. तिथे हॉइल उडी मारतात हे मान्य. मात्र दूरच्या त्या जिवांना माणूस कसा असतो हे कळलं कुठून, या प्रश्नाला त्यांनी बगल दिलेली नाही. यंत्र आधी आपल्यालाच प्रश्न विचारतं, आणि आपण दिलेल्या उत्तरांतून शिकतं. आजच्या संगणकांकडे पाहताना तो भाग जास्तच अंगावर येतो.

पुस्तक वाचून झालं की दिवाळीनंतर एखाद्या काळोख्या रात्री रामटेकच्या बाजूला जाऊन देवयानी बघून ये. संध्याकाळी उशिरा ती आपल्याकडे डोक्यावरून थोडी उत्तरेला असते. शहरातल्या दिव्यांत तिच्या दीर्घिकेचा धूसर ठिपका दिसत नाही. नेमकं कुठे पाहायचं याचा सराव हवा असेल तर आधी रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात जाऊन ये.

प्रश्न : मी नववीत आहे. आजोबांसोबत मी ‘कॅप्टन व्योम’ या दूरदर्शनवरच्या अंतराळ-मालिकेचे जुने भाग पाहिले. मला त्यातल्या एका भागाची मराठीत कादंबरी करायची आहे. मी सगळे संवाद वहीत उतरवून काढले, पण वाचताना मजा येत नाही. काय चुकतंय? — एक विद्यार्थिनी, महाल

बाळा, काही चुकत नाहीये, तुझं पहिलं काम झालंय. आता ती वही बंद कर आणि दुसरी घे.

तुला दोन लेखकांनी काय केलं ते सांगते. ‘डॉक्टर हू’ ही मालिका इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. तिची पहिली कादंबरी पुढच्याच वर्षी डेव्हिड व्हिटेकर यांनी लिहिली. ते मालिकेचे कथा-संपादक, म्हणजे सगळ्या पटकथा त्यांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांना मालिकेतली दुसरी गोष्ट, ती डालेक नावाच्या यंत्रजिवांची, सांगायची होती. पण पुस्तक हातात घेणाऱ्याने पहिली गोष्ट पाहिलीच असेल असं नाही. टीव्हीवर दोन शिक्षक आपल्या विचित्र विद्यार्थिनीचा पाठलाग करत भंगाराच्या आवारात पोचतात आणि तिथे काळ-अवकाशात फिरणाऱ्या डॉक्टरची, म्हणजे मालिकेच्या नायकाची, भेट होते. व्हिटेकर यांनी हे सगळं बाजूला सारलं. त्यांची कादंबरी सुरू होते ती लंडनच्या बार्न्स कॉमन या माळावर. रात्र आहे, दाट धुकं आहे, अपघात झालेला आहे. आणि हे सांगतोय कोण? इयान हे त्यातलंच एक पात्र, ‘मी’ म्हणून. डॉक्टर काय विचार करतोय हे इयानला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. आपण त्याच्यासोबत धुक्यात चाचपडत राहतो.

त्याच पुस्तकात डालेकांचा एक प्रमुख काचेचा आहे. मालिकेत तो नव्हता. टीव्हीवर असं काही करायचं तर सुतार, काचवाला, दिवे, सगळ्यांचे पैसे मोजावे लागले असते. व्हिटेकरना एक वाक्य पुरलं.

दुसरे माल्कम हल्क. १९७० मध्ये त्यांनी याच मालिकेसाठी जमिनीखाली लाखो वर्षं झोपलेल्या सरपटणाऱ्या बुद्धिमान प्राण्यांची गोष्ट लिहिली. टीव्हीवर त्या प्राण्यांना नावंसुद्धा नव्हती : एक म्हातारा, एक तरुण, एवढीच ओळख. १९७४ मध्ये स्वतःच त्याची कादंबरी करताना हल्क यांनी सुरुवातच त्या प्राण्यांपासून केली. ते पृथ्वीचे मालक होते तेव्हापासून, संकट येतंय म्हणून जमिनीखाली निवाऱ्याला जाताना. त्यांना ओक्डेल, मोर्का अशी नावं दिली, भीती दिली, आपसांतले मतभेद दिले. मग माणसं गुहेत शिरतात तेव्हा वाचकाला प्रश्न पडतो की घुसखोर नेमकं कोण? रबरी मुखवटे घातलेल्या नटांकडे बघून हे मनात येणं कठीण होतं.

आता तुझ्या वहीकडे येऊ. तुझ्या भागातलं एकच दृश्य निवड, शक्यतो कमी संवादांचं. व्योम एखाद्या अंधाऱ्या दालनात शिरतोय असं समज. पडद्यावर संगीत वाजतं, निळा उजेड असतो, नटाचा चेहरा दिसतो. तुझ्याकडे संगीत नाही. मग त्याच्या बुटाखाली काय वाजलं? हातमोज्यातून भिंत कशी लागली, गार की दमट? घसा कोरडा पडल्यावर त्याला काय आठवलं? हे सगळं तुलाच शोधायचं आहे, पटकथेत ते सापडणार नाही. आणि हे कोणाच्या डोळ्यांनी दिसतंय ते पहिल्या ओळीआधी ठरव. व्योमऐवजी त्याच्या यानातल्या दुसऱ्या कोणाला, किंवा थेट शत्रूच्या पहारेकऱ्याला सांगू दिलंस तर? तोच प्रसंग तीन जणांकडून लिहून बघ आणि आजोबांना वाचून दाखव. त्यांना ज्या ठिकाणी पुढचं ऐकायची घाई होईल, तो सांगणारा पक्का कर.

संवादांपैकी जे टाकायला अगदी जिवावर येईल ते ठेव, बाकीचे जाऊ दे. यानांच्या लढाया तर एका परिच्छेदात संपव. पडद्यावर त्या बघायला छान वाटतात, वाचताना लवकर कंटाळा येतो. एवढं झालं की पानं मला पाठव. मी नक्की वाचेन आणि सविस्तर उत्तर लिहीन.

प्रश्न : जुन्या मालिकेवरून मराठीत पुस्तक काढायचं तर परवानगी कोणाची लागते? मालिका बंद होऊन वर्षं झाली, आता कोण विचारणार? — नवोदित प्रकाशक, सदर

मालिका बंद झाली म्हणून हक्क संपत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिखित कृतीवरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि तिचं रूपांतर करण्याचा अधिकारही त्याच हक्कात येतो. पटकथा ज्याने लिहिली त्याच्याकडे हक्क आहे, की करारामुळे निर्मात्याकडे किंवा वाहिनीकडे गेला आहे, हे आधी कागदोपत्री बघा. लेखी परवानगीशिवाय छपाईला हात घालू नका. लेखकांच्या वारसांना शोधून काढायला वेळ लागतो, पण तो द्यायलाच हवा. त्यांच्या घरातल्या माणसाचं ते काम आहे. वकिलाचा सल्ला घ्या. वर जिचं पत्र आहे तशी एखादी मुलगी सरावासाठी वहीत लिहीत असेल तर तिला बिनघोर लिहू द्या. प्रश्न पुस्तक छापून विकण्याचा आहे.

प्रश्न : ही पुस्तकं नागपुरात मिळतील का? — बऱ्याच वाचकांचा प्रश्न

नव्या दुकानांत आशा कमी. बर्डीवर जुन्या इंग्रजी पुस्तकांत शोधा, पण नुसतं पुस्तकाचं नाव सांगून थांबू नका. विक्रेत्याला ‘हॉइल’, ‘ब्लिश’ अशी आडनावं कागदावर लिहून द्या आणि आठवड्याने परत जा. ढीग बदलत असतो. मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी घ्या, शेवटची पानं जागेवर आहेत ना एवढं तपासा. नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ आणि ‘प्रेषित’साठी विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात चौकशी करा. हॉइल वाचल्यावर लगेच ती वाचली तर गुरूकडून शिष्याकडे काय आलं आणि शिष्याने स्वतःचं काय केलं ते दिसेल.

‘अँड्रोमेडा’चा पुढचा भाग ‘अँड्रोमेडा ब्रेकथ्रू’ या नावाने १९६२ मध्ये टीव्हीवर आला आणि १९६४ मध्ये त्याचीही कादंबरी झाली. तिची एखादी प्रत नागपुरात कोणाच्या घरी असेल तर संपादकांकडे कळवा. वाचून, नवं कव्हर घालून परत करीन, आणि पुढच्या एखाद्या अंकात तिच्यावर लिहीन.